प्रांतांच्या वेशी उघडणारा तुर्गो

फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा इतिहास वाचतांना आमच्या विद्यार्थ्यांस तुर्गोचें नांव एकदां भेटतें आणि लगेच दिसेनासें होतें. सोळाव्या लुईचा एक चांगला अर्थमंत्री, दरबारी मंडळींनीं त्यास घालवून दिलें, एवढें वाक्य पाठ करून आपण पुढें बास्तीयच्या तुरुंगाकडे धांव घेतों. एका वाक्यांत मावेल असा हा पुरुष नव्हता. अर्थमंत्र्याचें पद त्यास लाभलें वीस महिन्यांहून थोडें अधिक. परंतु तेवढ्या अवधींत त्यानें जें काम हातीं घेतलें तें हें कीं, एकाच राजाच्या छत्राखालीं राहून एकमेकांस परके झालेल्या प्रांतांमधील वेशी उघडाव्या. हें काम ऐकण्यास जितकें सोपें तितकें करण्यास नव्हतें, आणि त्यांत रक्तही सांडलें. म्हणून त्याचें चरित्र येथें जरा विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम तो देश कसा होता हें पाहिलें पाहिजे. नकाशांत फ्रान्स एकसंध दिसे, राजा एक होता, सैन्य एक होतें. परंतु एखादा व्यापारी गाडी जुंपून निघाला म्हणजे फ्रान्स एक नसून अनेक आहेत असें त्यास वाटेंत पदोपदीं कळून येई. १६६४ सालीं चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर ह्यानें अंतर्गत नाके मोडून सर्वत्र एकच जकात बसविण्याची खटपट केली, पण उत्तरेकडील व मध्यभागांतील कांहीं प्रांत तेवढे तिच्यांत आले. ब्रिटनी, लांगदोक, प्रोव्हान्स, दोफिने वगैरे प्रांत बाहेर राहिले, आणि सरकारी दप्तरांत त्यांस परके समजलेले प्रांत असेंच नांव पडलें. आल्सेस व लोरेन यांची गोष्ट तर याहून विचित्र. त्यांचा जर्मनीशीं व्यापार मोकळा होता. पण स्वदेशाच्या राजधानीकडे माल न्यावयाचा तर मध्यें नाका! या मोठ्या भिंतींच्या आंत लहान भिंती निराळ्याच होत्या. पूल आला कीं कुणा सरदाराची पट्टी, शहर आलें कीं शहराची पट्टी. क्रांतीच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १७८८ सालीं, लोरेनमधून नदीमार्गानें भूमध्य समुद्रावरील सेत बंदरास गेलेल्या लांकडावर २१ ठिकाणीं मिळून ३४ निरनिराळे कर भरावे लागले होते.

जकातनाका हा शब्द आमच्या पालकवर्गास अपरिचित नाहीं. मुंबई शहराची जकात १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू झाला तेव्हां बंद झाली. तोंपर्यंत शहराच्या तोंडाशीं मालमोटारींची जी रांग लागे ती अनेकांनीं पाहिली असेल. तशी रांग प्रत्येक प्रांताच्या सीमेवर आणि प्रत्येक मोठ्या पुलापाशीं कल्पावी, म्हणजे त्या काळच्या फ्रान्सचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहील.

मिठाची हकीकत मात्र घरांतील मातांनींही वाचावी अशी आहे. मिठाचा व्यापार सरकारचा असून त्याचा मक्ता धनाढ्य मक्तेदारांच्या एका मंडळीस दिलेला असे, आणि भाव प्रांतागणिक निराळा. ब्रिटनीस जुन्या करारानें माफी होती. कांहीं प्रांतांनीं पूर्वीं एकरकमी पैसा भरून सवलत विकत घेतली होती. उरलेल्यांच्या माथीं सगळा भार. नेकर नांवाच्या मुत्सद्यानें १७८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांवरून माफीच्या प्रांतांत शंभर पौंड मिठास दोन ते नऊ लिव्र पडत, आणि ब्रिटनीस लागून असलेल्या मेन व आंजू या प्रांतांसारख्या भारी कराच्या मुलखांत बासष्ट लिव्र! तेथें आठ वर्षांवरील माणशीं वर्षाला सुमारें सात पौंड मीठ सरकारी कोठारांतून घेतलेंच पाहिजे असा निर्बंध होता. आणि तें मीठ रोजच्या जेवणांत खर्च करावयाचें, मांस खारविण्यास वापरलें तर गुन्हा. लोणच्याचें मीठ निराळें विकत घ्या, असें कुणी सरकारी शिपाई आमच्या घरीं येऊन सांगता तर त्याचें काय स्वागत झालें असतें हें सांगावयास नको.

अशा स्थितींत चोरटा व्यापार होणारच. रात्रींच्या वेळीं ब्रिटनीच्या हद्दींतून पुरुष, बाया आणि लहान मुलेंही मिठाचीं ओझीं घेऊन पलीकडे जात. कुत्र्यांच्या पाठीस मिठाच्या पिशव्या बांधून त्यांस मोकळे सोडीत, आणि तीं इमानी जनावरें नाकेदारांस चुकवून पलीकडच्या आपल्या घराची वाट धरीत. जो सांपडे त्यास दंड, फटके, आणि हत्यार जवळ असल्यास सक्तमजुरी. एका बाजूस जो पदार्थ मातीमोल तोच चार पावलांवर सोन्याच्या मोलाचा केल्यावर हा गुन्हा कुणी निर्माण केला, असा प्रश्न विचारी माणसास पडे. परंतु माफी असलेला प्रांत माफी सोडीना, भार वाहणारा प्रांत शेजाऱ्यास चोर म्हणे, आणि प्रत्येकाच्या पेटींत जुने करार व सनदा जपून ठेविलेल्या. भिंती नुसत्या पैशाच्या नव्हत्या. मनांच्याही झाल्या होत्या.

अशा देशांत आन-रोबेर-झाक तुर्गो ह्याचा जन्म पॅरिस येथें १७२७ सालच्या मे महिन्याच्या १० तारखेस झाला. घराणें मूळचें नॉर्मंडीचें. वडील पॅरिसचे नगराध्यक्ष होते. त्यांनीं काढविलेला पॅरिसचा भव्य नकाशा अजूनही त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. आन-रोबेर हा भावांत धाकटा आणि कमालीचा बुजरा. आईकडे पाहुणे आले कीं हा पडद्याआड किंवा बैठकीखालीं दडून बसे. पुढेंही चारचौघांत गोड बोलून मन जिंकण्याची कला त्यास कधीं साधली नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. शाळेंत खर्चास मिळालेला पैसा लगेच नाहींसा होई, म्हणून वडीलधाऱ्यांनीं चौकशी केली; तेव्हां तो गरीब सोबत्यांस पुस्तकें घेण्यासाठीं वांटून टाकतो असें आढळून आलें.

धाकटा मुलगा धर्मोपदेशक व्हावा अशी घरची इच्छा होती. त्याप्रमाणें त्यानें सोर्बोन विद्यापीठांत धर्मशास्त्राचें अध्ययन केलें आणि १७५० सालीं तेथें दोन लॅटिन व्याख्यानें दिलीं. एक ख्रिस्ती धर्मापासून मानवजातीस झालेल्या लाभांविषयीं, दुसरें मानवी बुद्धीच्या क्रमशः झालेल्या प्रगतीविषयीं. वय तेवीस. पुढील वर्षीं मात्र त्यानें ती वाट सोडली. मित्रांनीं मोठमोठ्या धर्मपदांचें आमिष दाखविलें. परंतु ज्या व्रतास आपलें मन पुरतें साक्ष देत नाहीं त्याचा मुखवटा जन्मभर वागविणें त्यास अशक्य वाटलें. एक चांगला उपदेशक अंतरला याचें आम्हांस वाईट वाटतें. त्याच्या सचोटीविषयीं मात्र शंका नाहीं.

सरकारी नोकरींत शिरल्यावर त्यास गुरु भेटला तो गुर्ने. हा व्यापारखात्यांतील मोठा अधिकारी असून १७५५ व १७५६ सालीं त्यानें प्रांतोप्रांतीं दौरे काढले, आणि तरुण तुर्गोस बरोबर नेलें. कोष्टी, रंगारी, नावाडी, अडते यांच्या तोंडून त्या दोघांनीं तक्रारी ऐकल्या. कापडाची रुंदी किती असावी यावर सरकारचे नियम, कोणी कोणता धंदा करावा यावर संघांचे नियम, आणि माल कोठून कोठें जावा यावर नाक्यांचे नियम. माणसास काम करूं द्यावें आणि मालास वाट द्यावी, एवढें केलें तरी देश सुखी होईल, असें गुर्नेचें मत होतें. १७५९ सालीं गुर्ने वारला. तुर्गोनें त्याच्या गौरवार्थ लेख लिहिला, आणि गुरूचें मत पुढें शिष्याच्या आयुष्याचें काम झालें.

१७६१ सालीं राजानें त्यास लिमोझ येथें प्रांताधिकारी नेमलें. हा हुद्दा आपल्याकडील कलेक्टराच्या हुद्द्याशीं ताडून पाहतां येईल. अधिकार मात्र पुष्कळ अधिक. लिमुझँचा मुलूख डोंगराळ, थंड व दरिद्री. गहूं थोडा, लोक राई आणि चेस्टनटचीं फळें यांवर पोट भरीत. तेरा वर्षें तुर्गो तेथें राहिला. मध्यंतरीं लिओंसारख्या संपन्न शहरीं जाण्याची संधि आली होती, ती त्यानें नाकारली. रस्ते बांधण्यासाठीं शेतकऱ्यांस वेठीस धरीत. ती वेठ काढून त्या जागीं पैशाची पट्टी बसविली आणि मजूर दाम देऊन लाविले. रस्ते सुधारल्याबरोबर गाड्या वाढल्या. बटाटा विषारी असतो असा लोकांचा समज होता, म्हणून तो आपल्या पंक्तींत सर्वांदेखत बटाटे खाई. ज्या लिमोझच्या चिनी मातीच्या भांड्यांची पुढें जगभर कीर्ति झाली त्यांचा कारखाना त्याच्याच कारकीर्दींत, १७७१ सालीं, सुरू झाला. चीनचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों : को व यांग असे दोन ख्रिस्ती चिनी तरुण फ्रान्समध्यें विद्या शिकून स्वदेशीं परत निघाले होते, त्यांना उपयोगीं पडावा म्हणून तुर्गोनें १७६६ सालीं संपत्तीची उत्पत्ति व वांटणी यांवर एक लहानसा निबंध लिहिला. अर्थशास्त्राच्या इतिहासांत आज त्या निबंधास मोठा मान आहे.

१७६९ सालीं पीक बुडालें आणि पुढील दोन वर्षें लिमुझँमध्यें दारुण दुष्काळ पडला. येथें तुर्गोच्या मताची पहिली कसोटी लागली. धान्याविषयीं त्याचें म्हणणें असें होतें कीं, फ्रान्ससारख्या विस्तीर्ण देशांत सर्वत्र एकाच वर्षीं पीक बुडत नाहीं; एका प्रांतांत तूट तर दुसऱ्यांत सुकाळ असतो. धान्यास वाट मोकळी असेल तर तें महागाईकडे आपोआप वाहत जाईल आणि महागाई शमेल. परंतु तूट दिसूं लागली कीं प्रत्येक गांव, प्रत्येक परगणा आपली वेस लावून घेई. बोर्डोच्या न्यायसभेनें १७७० च्या जानेवारींत फर्मान काढलें कीं ज्यांच्या घरीं धान्य असेल त्यांनीं तें बाजारांत आणलेंच पाहिजे. तुरेनच्या अधिकाऱ्यांनीं आपलें धान्य हद्दीबाहेर जाण्यास मनाई केली. तुर्गोनें वरून हुकूम आणवून हे दोन्ही निर्बंध रद्द करविले. (आपल्या देशांतही १९४२ सालीं प्रांतांनीं एकमेकांकडे धान्य जाऊं देण्यावर बंधनें घातलीं होतीं, पुढील वर्षींच्या बंगालच्या भयंकर दुष्काळाच्या कारणांत हेंही एक गणलें जातें.)

पण वाट मोकळी करून तो हात जोडून बसला नाहीं, आणि हेंच आमच्या मतें त्याच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें कृत्य होय. गांवोगांवीं मदतीची मंडळें स्थापिलीं. ज्यांच्या अंगीं बळ आहे अशांस रस्त्यांचीं कामें काढून मजुरी दिली, बायकांस सूत कातण्यास लाविलें, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांस अन्न दिलें. जमीनदारांस बजावलें कीं बटाईनें शेत करणाऱ्या कुळास दुष्काळांत हांकलून देतां येणार नाहीं, पुढील पिकापर्यंत त्यास पोसलें पाहिजे. बाहेरून तांदूळ आणविले. तो पदार्थ तिकडच्या शेतकऱ्यांस नवा, म्हणून भात थोड्या खर्चांत कसा शिजवावा याचीं छापील पत्रकें वांटलीं! कोंकणांतील आमच्या वाचकांस याचें हंसूं येईल. पण रिकाम्या पोटीं अनोळखी दाणा हातांत पडला म्हणजे अशा पत्रकाची किंमत कळते. त्याच वर्षीं धान्याच्या मोकळ्या व्यापाराविषयीं त्यानें त्या वेळच्या अर्थमंत्र्यास सात लांबलचक पत्रें लिहिलीं. तीं वाचून अर्थमंत्र्याचें मन पालटलें नाहीं.

१७७४ च्या मे महिन्यांत पंधरावा लुई मरण पावला आणि वीस वर्षांचाही न झालेला सोळावा लुई गादीवर आला. जुलैमध्यें तुर्गो आरमारमंत्री झाला, आणि २४ ऑगस्टला अर्थमंत्री. त्यानें राजास प्रारंभींच लिहून कळविलें कीं दिवाळें काढावयाचें नाहीं, कर वाढवावयाचे नाहींत, कर्ज काढावयाचें नाहीं. एकच उपाय उरतो तो काटकसरीचा. मक्तेदार नव्या अर्थमंत्र्यास तीन लक्ष लिव्रांची भेट देत, ती त्यानें घेतली नाहीं. आणि १३ सप्टेंबर १७७४ रोजीं, म्हणजे तीन आठवड्यांच्या आंत, राज्याच्या हद्दींत धान्याची ने-आण सर्वांस मोकळी असल्याचा हुकूम सुटला. परदेशीं धान्य पाठविण्याची मात्र परवानगी नव्हती. या हुकुमास त्यानें मोठी प्रस्तावना जोडली आणि हें कां करावयाचें तें साध्या शब्दांत समजावून दिलें. राजानें प्रजेस कारण सांगावें ही त्या काळीं नवलाचीच गोष्ट! पटवून दिलें कीं लोक ऐकतील, अशी त्याची श्रद्धा होती.

दुर्दैवानें त्या वर्षीं पीक कमी आलें. १७७५ चा वसंत ऋतु येतांच पावाचा भाव चढूं लागला. येथें काय घडलें तें नीट समजून घेण्यासारखें आहे. धान्य महागाईकडे जातें हें खरें. पण जेथून तें निघतें तेथील माणसाच्या डोळ्यांस गाडी जातांना दिसते, आणि जेथें तें पोंचावयाचें तेथें तें कांहीं आठवड्यांनीं पोंचतें. सुकाळाच्या गांवीं भाव आज चढतो, दुष्काळाच्या गांवीं तो पुढील महिन्यांत उतरतो. हिशेबाच्या कागदावर हे दोन आंकडे एकमेकांस फेडतात. रोजच्या मजुरींतील निम्म्याहून अधिक पैसा पावावर घालविणाऱ्या माणसाच्या चुलीपुढें ते फेडीत नाहींत. एप्रिलांत दिजों येथें दंगा झाला. एप्रिलच्या अखेरीस पॅरिसच्या उत्तरेस ओआझ नदीच्या कांठीं बोमों येथें, मग पोंत्वाझ येथें, २ मे रोजीं व्हर्सायमध्यें राजवाड्यासमोर, आणि ३ मे रोजीं खुद्द पॅरिसमध्यें. लहानमोठे मिळून सुमारें तीनशें दंगे झाले. इतिहासांत यास पिठाचें युद्ध म्हणतात.

हे दंगेखोर सगळे लुटारू नव्हते. कित्येक ठिकाणीं लोकांनीं नावा व गाड्या अडविल्या, आपल्या मतें वाजवी असा भाव ठरविला, त्या भावानें धान्य मोजून घेतलें आणि पैसे मोजून दिले. धान्य आमच्या गांवचें, तें आमच्या डोळ्यांदेखत परक्या गांवीं जाऊं देणार नाहीं, एवढेंच त्यांचें म्हणणें. तुर्गोचा असा ग्रह झाला कीं यामागें त्याच्या शत्रूंचा कट आहे. कटाचा पुरावा त्यास मिळाला नाहीं, आणि इतिहासकारांसही मिळालेला नाहीं. त्यानें सैन्य बोलाविलें. २५,००० शिपाई पॅरिसच्या भोंवतीं पसरले. ११ मे रोजीं पॅरिसच्या चौकांत दोघांस फांशीं दिलें. एक केसांचे टोप करणारा, अठ्ठावीस वर्षांचा. दुसरा जाळीदार कापड विणणारा, सोळा वर्षांचा मुलगा. आमच्या दहावीच्या वर्गांत ज्या वयाचे विद्यार्थी बसतात त्या वयाचा.

तुर्गोच्या चाहत्यांनीं लिहिलेल्या चरित्रांत हा प्रसंग झटपट आटोपलेला असतो. आम्हांस तसें करवत नाहीं. वेशी उघडण्याचें तत्त्व खरें होतें याविषयीं आमची खात्री आहे. पण लिमुझँमध्यें त्यानें वाट मोकळी करतांना भुकेल्यास दुसऱ्या हातानें धरलें होतें, आणि पॅरिसला आल्यावर दुसरा हात पुढें येण्यास उशीर झाला. परदेशांतून धान्य आणणाऱ्यांस बक्षिसी जाहीर झाली ती एप्रिल संपत आल्यावर. पॅरिसमध्यें गरिबांस मजुरी देणारीं कामें निघालीं तींही भाव चढून गेल्यावर. गोदामें आधीं भरून मग वेशी उघडल्या असत्या, तर तो सोळा वर्षांचा मुलगा कदाचित् आपल्या मागावर विणीत बसला असता. इतकी घाई कां, याचें एक कारण त्याच्या मित्रांनीं लिहून ठेविलें आहे. त्याच्या घराण्यांत पुरुष पन्नाशीच्या सुमारास संधिवातानें मरत, आणि स्वतः त्यासही तें दुखणें जडलें होतें. कित्येक कागद त्यानें अंथरुणांत पडून लिहिले. आपल्यापाशीं वेळ थोडा आहे हें तो जाणून होता; देशापाशीं धीर थोडा आहे हें त्याच्या ध्यानांत आलें नाहीं.

दंगा शमला, नवें पीक आलें, आणि तो पुन्हां कामास लागला. झेक्स नांवाचा एक चिमुकला परगणा झुरा पर्वत आणि जिनिव्हा शहर यांच्यामध्यें सांपडलेला होता. पर्वतामुळें फ्रान्सकडे जाणें कठीण, आणि जिनिव्हाकडे जावें तर मक्तेदारांचे नाकेदार आडवे. सुप्रसिद्ध लेखक व्हॉल्टेअर तेथेंच फर्ने गांवीं राहत असे. त्यानें अर्जांवर अर्ज केले. तुर्गोनें ठरविलें कीं परगण्यानें मक्तेदारांस दरसाल ३०,००० लिव्र द्यावे आणि नाकेदारांनीं चालतें व्हावें. १७७५ च्या डिसेंबरांत परगण्याची सभा भरली. एक्याऐंशी वर्षांचा व्हॉल्टेअर कडाक्याच्या थंडींत स्वतः तेथें गेला, आणि ठराव मंजूर झाल्याचें कळतांच लोकांनीं त्याचा जयजयकार केला. बारकाईनें पाहिलें तर येथें भिंत पडली नाहीं, पर्वतापलीकडे सरकली एवढेंच. पण तेथील शेतकऱ्याचें मीठ स्वस्त झालें.

रुआं शहरांत ११२ व्यापाऱ्यांस धान्याच्या व्यापाराचा वंशपरंपरा मक्ता होता आणि सेन नदीच्या वाटेवर ते पहारेकऱ्यांसारखे बसले होते. तो मक्ता १७७५ सालीं तुर्गोनें मोडला. १७७६ च्या एप्रिलांत द्राक्षारसाचा हुकूम निघाला. गारोन नदीच्या मुखाशीं बोर्डो शहर आहे, आणि वरच्या अंगास लांगदोक, केर्सी, पेरिगोर हे द्राक्षांचे मुलूख. समुद्राकडे जाण्यास त्यांना तीच एक नदी. बोर्डोच्या बागाइतदारांनीं जुन्या सनदांच्या जोरावर असा नियम केला होता कीं लांगदोकचा द्राक्षारस ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापूर्वीं खालीं येऊं नये, आणि पेरिगोर व केर्सीचा नाताळापूर्वीं येऊं नये. तोंपर्यंत परदेशीं जहाजें बोर्डोचा माल भरून निघून जात! नदी देवानें वाहती केली, आणि खालच्या शहरानें तिच्यावर कुलूप घातलें. तुर्गोनें तें कुलूप काढलें. तुलूझच्या न्यायसभेनें हुकूम आनंदानें नोंदवून घेतला. बोर्डोच्या न्यायसभेनें तो अडवून धरला. दोन्ही न्यायसभा कायद्याच्याच गोष्टी बोलत होत्या, आणि दोघींचा कायदा नेमका आपापल्या द्राक्षमळ्यांच्या बाजूचा होता.

याच सुमारास त्याचे सहा प्रसिद्ध हुकूम निघाले. साऱ्या देशांतील वेठ बंद आणि कारागिरांचे बंदिस्त संघ बंद, हे त्यांतील मुख्य. वेठीच्या जागीं जमीनदारांवर पट्टी बसणार होती, त्यामुळें सरदारवर्ग खवळला. पॅरिसची न्यायसभा ऐकेना, तेव्हां १२ मार्च १७७६ रोजीं राजानें स्वतः सभा भरवून हुकूम नोंदविण्यास भाग पाडलें. योगायोग असा कीं त्याच आठवड्यांत, ९ मार्चला, अॅडम स्मिथचा राष्ट्रांच्या संपत्तीविषयींचा ग्रंथ लंडनमध्यें बाहेर पडला. दहा वर्षांपूर्वीं हे दोघे पॅरिसमध्यें भेटले होते. एकानें ग्रंथ लिहिला व तो अमर झाला. दुसऱ्यानें तेंच कायद्यांत उतरवावयास घेतलें आणि त्याचे शत्रु मोजतां येईनात. मक्तेदार, संघांचे मुखत्यार, न्यायसभा, काटकसरीनें चिडलेले दरबारी, राणी मारी आंत्वानेत, आणि ज्यानें त्यास राजापुढें आणिलें तो वृद्ध मंत्री मोरपा हेही त्यांत. प्रत्येक भिंतीच्या आडोशास कुणाचें तरी घर होतें, आणि तुर्गो एकाच वेळीं सगळ्या भिंतींस हात घालीत होता. १२ मे १७७६ रोजीं राजानें त्यास पदावरून दूर केलें. त्याचा स्नेही मालझेर्ब यानेंही त्याच सुमारास मंत्रिपद सोडलें. ऑगस्टांत वेठ परत आली, संघही बव्हंशीं परत आले.

उरलेलीं पांच वर्षें तुर्गोनें पॅरिसमध्यें वाचनांत व शास्त्रांच्या अभ्यासांत घालविलीं. लग्न त्यानें केलें नव्हतें. १८ मार्च १७८१ रोजीं घराण्याच्या त्याच दुखण्यानें तो वारला; वय त्रेपन्न.

वेशी पडल्या त्या क्रांतीनंतर. १७९० सालीं राष्ट्रसभेनें जुने प्रांतच मोडून त्यांचे ८३ जिल्हे केले. मार्चांत मिठाचा कर रद्द झाला, आणि नोव्हेंबरांत देशाच्या आंतील सर्व जकाती उठवून नाके राज्याच्या बाहेरच्या सीमेवर नेण्याचा कायदा झाला. सव्वाशें वर्षांपूर्वीं कोलबेरनें जें आरंभिलें आणि चौदा वर्षांपूर्वीं तुर्गोच्या हातून जें निसटलें तें एका वर्षांत पुरें झालें. ब्रिटनीच्या सीमेवर मात्र त्याचा आनंद सर्वांस झाला नाहीं. मीठ दोन्हीकडे सारख्याच भावाचें झाल्यावर नाकेदारही बेकार झाले आणि मिठाची चोरटी ने-आण करणारेही. रात्रीं रानांतून वाट काढण्याखेरीज दुसरा धंदा कित्येकांस येत नव्हता. १७९३ सालीं सैन्यभरतीच्या सक्तीवरून व धर्माच्या प्रश्नावरून तिकडे असंतोष पेटला, आणि शुआं म्हणून जें बंड पुढें अनेक वर्षें त्या मुलखांत धुमसत राहिलें त्याचा म्होरक्या झां कोत्रो हा अशाच मीठ वाहणाऱ्या टोळींतून आलेला होता.